ओट्यावर म्हैसूर, परसात त्रावणकोर

सारा जन्म बुऱ्हाणपुरात काढून बुऱ्हाणपुरात एक दिवसही न राहिलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमच्या वन्संचे यजमान. वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची धाकटी बहीण. या गृहस्थांचा जन्म बुधवारा पेठेतला, शाळा बुधवाऱ्यातली, नोकरीची पेढीही बुधवाऱ्यातच, आणि ती घराच्या इतकी जवळ की वन्संनी कढीला फोडणी दिली की वास पेढीवर जाई आणि हे टाक ठेवून उठत. सासुरवाडी मिळाली तीही कोसभरावर, बहादरपुरात, आमच्या घरी. पण मनानं मात्र ते कायम दक्षिणेत. दक्षिणेत म्हणजे कुठे, एवढाच काय तो घोळ होता. म्हैसूरला घर करावं की त्रावणकोरला, हे एक तेवढं ठरायचं राहिलं होतं. बाकी सगळं ठरलेलं होतं. पेढी सुटली की निघायचं, हे ठरलं होतं. बरोबर कोणती भांडी न्यायची, ते ठरलं होतं. पाटा न्यायचा पण वरवंटा न्यायचा नाही, कारण 'गोल दगड कुठल्याही राज्यात मिळतो', हेही ठरलं होतं.

हे वेड त्यांना लागलं ते पेढीमुळे. पेढी जरीची होती. आमच्या बुऱ्हाणपूरची जर तेव्हा फार लांब लांब जाई; म्हैसूरकडे रेशमी लुगड्यांच्या पदरांसाठी, त्रावणकोरकडे पांढऱ्याशुभ्र धोतरांच्या काठांसाठी. पार्सलं शिवून झाली की त्यांवर पत्ते लिहायचं काम यांचं. अक्षर असं सुरेख की शेठजी म्हणत, पार्सलातली जर काळी पडेल पण वरचा पत्ता पडायचा नाही. दिवसभर बसून परक्या गावांची नावं लिहिणाऱ्या माणसाला त्या गावांची ओढ लागली, तर त्यात त्याचा दोष किती म्हणावा? एकदा ते आमच्या ओसरीवर बसून मला उद्देशून म्हणाले, "वहिनी, माझं अक्षर आजवर किती वेळा म्हैसूर पाहून आलं असेल! आता त्या अक्षरालाच लाज वाटते, की आपण जग फिरतो अन् आपला धनी तेवढा घरी बसलाय."

मला उद्देशून म्हणाले, असं मी लिहिलं खरं, पण मी तेव्हा दाराआड उभी होते. त्या काळी नणंदेच्या यजमानांशी तोंड उघडून बोलायची रीत नव्हती, आणि रीत असती तरी मी बोलले नसते, इतकी मी भिडस्त. ते विचारीत, मी उत्तर वन्संच्या कानात सांगे, आणि वन्सं ते मोठ्यानं सांगत. सांगताना त्यात थोडा फेरफार करीत, पण तो माझ्या भल्याचाच असे. साऱ्या गोतावळ्यात माझं मनमोकळं बोलणं होई ते फक्त वन्संशी. त्या दक्षिणेत गेल्या तर माझ्या तोंडाला कुलूपच लागायचं, आणि म्हणून त्यांच्या यजमानांच्या या खेळाकडे पाहून सगळा गाव हसे तेव्हा मी हसे, पण ते नुसतं दाखवायला.

पेढी हे निमित्त; मूळ कारण उन्हाचं. आमच्याकडचा वैशाख ज्यानं पाहिला नाही त्याला ते कळायचं नाही. उंबऱ्यावर पाय ठेवला की पाय उचलावा लागतो. पण बाकीचं गाव तो वैशाख मुकाट्यानं काढतं, आणि हे तो काढत नसत, त्याच्याशी भांडत. डोक्यावर ओला पंचा, पाय पाण्याच्या घमेल्यात, आणि तोंडानं सूर्याला उद्देशून बोलणं चालू. "ये, ये बाबा, अजून जवळ ये. मांडीवरच बस!" असं ते खरोखरच म्हणत, मी कानांनी ऐकलेलं आहे. आणि नेमकी याच वैशाखात येते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेश-बुऱ्हाणपुराकडे आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. माहेरून मुराळी गाडी घेऊन येतो, लेकीला घेऊन जातो, कडुनिंबाला झोके बांधले जातात, आमरस होतो, सांजोऱ्या होतात. वन्संना न्यायला दर आखाजीला आमचे हे बैलगाडी जुंपून जात. ज्या महिन्यात यजमानांना बुऱ्हाणपूर सोडून पळावंसं वाटे, त्याच महिन्याची बायको वर्षभर वाट पाही. देवानं जोड्या जमवताना पंचांग पाहिलं नसावं.

आता एखाद्याला वाटेल, दोन ठिकाणांतून एक निवडायचं त्यात एवढं काय? पण हे गृहस्थ न्यायाला फार कडक. सकाळी म्हैसूरच्या चंदनाची स्तुती झाली तर संध्याकाळच्या आत त्रावणकोरच्या वेलदोड्याची झालीच पाहिजे. म्हैसूरच्या महाराजांच्या हत्तीबद्दल कुणी चांगलं बोललं, की हे लगेच म्हणत, "त्रावणकोरच्या महाराजांकडेही हत्ती आहे. दिसायला साधा असेल, पण स्वभावानं चांगला." दोन्हीकडे राजा गादीवर आहे, याचं त्यांना मोठं कौतुक. "इथे आपल्याला खंडव्याचा साहेब. आज आला, उद्या बदलून गेला. राजा म्हणजे कसा, घरचा माणूस. रागावला तरी तिथेच राहतो."

कुणीतरी त्यांना म्हैसूरकडचे कॉफीचे दाणे आणून दिले, तेव्हाची गोष्ट तर आमच्याकडे अजून सांगतात. दाणे हिरवट, कच्चे. यांनी ते वन्संच्या हाती दिले आणि "म्हैसूरला हे रोज सकाळी घेतात, करून ठेव" एवढंच सांगून पेढीवर गेले. वन्संनी दाणे निवडले, धुतले, रात्रभर भिजत घातले आणि मटकीसारखे फडक्यात बांधून ठेवले. पुष्कळ वाट पाहिली तरी मोड येईनात. मग तशीच उसळ केली. कांदा, लसूण, वर खोबरं. यजमानांनी पहिला घास घेतला, बराच वेळ चावला, आणि गंभीरपणे म्हणाले, "हे खाऊन सकाळी कामावर जातात म्हणजे माणसं मजबूत असली पाहिजेत." ताटातलं टाकलं मात्र नाही. पुढे खरा प्रकार कळला तेव्हा त्यांनी वन्संना एका शब्दानं दुखावलं नाही. उलट चारचौघांत सांगत, "कॉफी सगळेच पितात हो, पण चावून खाल्लेला मी एकटाच."

राहून पाहिल्याशिवाय जागा कळत नाही, असं त्यांचं मत होतं. म्हणून त्यांनी घरातल्या घरातच राहायला सुरुवात केली. पुढचा ओटा म्हणजे म्हैसूर, कारण तिथे दुपारनंतर सावली आणि जराशी झुळूक. मागचं परसू म्हणजे त्रावणकोर, कारण तिथे विहीर, ओल आणि केळीची चार खुंटं. मध्ये माजघर आणि स्वयंपाकघर, ते इंग्रजांचं. एक आठवडा म्हैसुरात बसायचं, एक आठवडा त्रावणकोरात, आणि प्रकृतीला काय मानवतं ते पाहायचं. परसात नारळाचं एक रोपही लावलं होतं. त्याला समुद्राची आठवण येऊ नये म्हणून त्याच्या आळ्यात मिठाचं पाणी घालीत. ते बिचारं महिन्यात वाळलं. काही दिवसांनी तर सगळ्या गल्लीला ही भाषा अंगवळणी पडली. दूधवाली दारातून हाक मारी, "बाई, मालक म्हैसुरात दिसत नाही, त्रावणकोरात गेले का?" मी एकदा गेले असताना वन्सं आतून ओरडल्या, "अहो, त्रावणकोरात बकरी शिरली!" आणि ओट्यावरून शांतपणे उत्तर आलं, "या आठवड्यात मी म्हैसूरला आहे. तुझं तू पाहा."

याच दिवसांत त्यांनी मला मत विचारलं. "वहिनी चौथी शिकल्या आहेत. हिंदुस्थानचा नकाशा भिंतीवर पाहिलेला माणूस आहे. त्यांनी सांगावं, म्हैसूर की त्रावणकोर?" मी वन्संच्या कानात म्हटलं, "दोन्हीकडे जाऊ नका म्हणावं." वन्सं मोठ्यानं म्हणाल्या, "वहिनी म्हणतात, विचार करून सांगते." त्यावर ते खूश होऊन आमच्या ह्यांच्याकडे वळले. "पाहिलंत? शिकलेलं माणूस घाईनं बोलत नाही." आमचे हे त्यांना दाजी म्हणत. ते म्हणाले, "दाजी, आपली तापीमाई सोडून जाणार तुम्ही? गंगेत न्हावं लागतं, नर्मदा पाहावी लागते, पण तापीचं नुसतं स्मरण केलं तरी पाप जातं." दाजी लगेच म्हणाले, "तेच तर! नुसतं स्मरण पुरतं ना? मग ते म्हैसुरात बसून करता येईल. नदीला धरूनच राहायचं तर ते गंगेकाठच्या लोकांनी राहावं आपापल्या गावात, त्यांना न्हावं लागतं." या माणसाशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मला आठवत नाही.

शेवटी निकाल पाण्यावर आला. आमच्याकडे कुठल्याही गावची परीक्षा पाण्यावरून करतात, आणि पाण्याची परीक्षा तुरीच्या डाळीवरून. ज्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजते ते पाणी चांगलं, आणि ज्या गावचं पाणी चांगलं तिथेच लेक द्यावी, तिथेच घर करावं. बुधवाऱ्यातले एक वयस्कर तेलाचे व्यापारी सहकुटुंब रामेश्वराला निघाले होते, पुढे कन्याकुमारी आणि परतताना श्रीरंगपट्टण करणार होते. दाजींनी त्यांच्याबरोबर तांब्याचे दोन मोठे गडू दिले. लाल दोरा बांधलेल्या गडूत म्हैसूरच्या राज्यातलं पाणी आणायचं, हिरवा दोरा बांधलेल्यात त्रावणकोरचं. तोंडं पेढीच्या लाखेनं बंद करायची. ते व्यापारी सज्जन. देवाचं तीर्थ आणतात तितक्याच काळजीनं त्यांनी दोन्ही गडू आणले. दाजींनी ते देवघरात ठेवले, कारण घरात मांजर शिरत नाही अशी तेवढीच जागा होती, आणि परीक्षेसाठी रविवार धरला.

त्या रविवारी मी मुद्दाम बुधवाऱ्यात गेले होते. वन्संनी एकट्यानं ती डाळ शिजवू नये असं मला वाटलं. आत दोन चुली पेटवल्या होत्या, दोन सारखी पातेली, दोन्हींत सारखी डाळ. दाजी गडू घेऊन आले. हिरव्या दोऱ्याच्या गडूवरची लाख त्यांनी चाकूनं काढली. लाल दोऱ्याच्या गडूला मात्र लाख नव्हती. तोंड कणकेनं लिंपलेलं होतं. ते पाहून दाजी भारावलेच. "बघा, म्हैसूरच्या लोकांची पद्धत! लाखेवर विसंबले नाहीत. कणीक लावली. घरगुती, स्वच्छ काम!" मग दोन्ही पातेल्यांत पाणी ओतून ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. तिथे आमचे हे होते, ते तेलाचे व्यापारी होते, आणि गल्लीतली दोनचार माणसं नुसती गंमत पाहायला आली होती.

वन्सं फुंकणीनं चूल फुंकत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "वहिनी, दोन्ही डाळी कच्च्या राहू दे असं देवाला सांग गं. माझं ऐकत नाही तो."

"तुम्ही त्यांना स्पष्ट का सांगत नाही, मला जायचं नाही म्हणून?" मी म्हटलं.

"कसं सांगू? दिवसभर ते लोकांच्या गावांचे पत्ते लिहितात. त्यांना एक तरी गाव नको का स्वतःचं?" असं म्हणून त्यांनी पुन्हा फुंकणी तोंडाला लावली. डोळ्यांतून पाणी येत होतं. धूर तर होताच.

त्रावणकोरची डाळ शिजता शिजेना. किती जाळ घातला तरी दाणा दाण्याला शिवेना, आणि वर तांब्याचा वास. म्हैसूरची मात्र पहिल्या उकळीतच उमलली. डाव फिरवला तर लोणी. आम्ही दोघींनी पातेल्यात पाहिलं आणि एकमेकींकडे पाहिलं नाही. दाजी आले, बोटानं दाबून पाहिलं, चाखलं. त्रावणकोरच्या पातेल्याशी ते क्षणभर उभे राहिले, आणि हरलेल्याची समजूत घालावी तसं म्हणाले, "हिच्यात काही वाईट नाही. स्वाभिमानी डाळ आहे." मग बाहेर जाऊन त्यांनी जाहीर केलं, "म्हैसूर!" ओट्यावरच्या लोकांनी 'वा वा' केलं. दराबा, म्हणजे आमच्याकडची तुपातली मिठाई, आधीच आणून ठेवला होता, तो वाटला. मला दिलेला मी पदराला बांधला.

जेवायची पानं मांडली. दाजींच्या आईंना सगळी गल्ली मोठी माय म्हणे. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, पण जीभ शाबूत. त्यांच्या भातावर ती विजयी डाळ वाढली. त्यांनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "आज डाळ बरी झाली. तापीचं पानीच बरं बाबा डाळीले."

दाजी हसले. "माय, हे तापीचं नाही. म्हैसूरचं आहे. ओळख!"

"काय ओळखू? तापीचंच हे. मीच तर भरलं."

सगळ्यांचे हात थांबले. दाजी म्हणाले, "कुठे भरलंस?"

"त्या गडूत. यात्रेहून गडू आला, देवघरात ठेवला, मले काय दिसत नाही का? तीर्थच ना ते! एकादशीले सून नदीवर गेली तेव्हा फोडला, पूजा केली, गल्लीतल्या साऱ्या बायांले पळी पळी दिलं. संपलं तेव्हा रिकामा कसा ठेवू? तीर्थाचा गडू रिकामा ठेवत नाहीत. तापीमाईचं पानी भरलं, कणकीनं तोंड लिंपलं. दुसराही फोडणार होती पुढच्या एकादशीले. का रे? बिघडलं काय?"

त्यावर जे हसू फुटलं ते अजून माझ्या कानात आहे. आमच्या ह्यांना ठसका लागला. तेलाच्या व्यापाऱ्यांनी डोळे पुसले. वन्सं तर भातवाढणी घेऊन आत पळाल्या, आणि मी त्यांच्यामागे. चुलीपुढे बसून आम्ही दोघी पदर तोंडात कोंबून किती वेळ हसत होतो कोण जाणे. मला वाटलं, सुटलो. पण बाहेरून दाजींचा आवाज ऐकू आला. तो जराही खचलेला नव्हता. "म्हणजे," ते म्हणत होते, "म्हैसूरची परीक्षा अजून झालीच नाही!"

जेवण टाकून ते गल्लीत निघाले. ज्या ज्या बाईनं एकादशीला ते पाणी घेतलं होतं तिच्या दारात जाऊन विचारू लागले, "काकू, त्या दिवशीचं पाणी चवीला कसं होतं? जड की हलकं?" बाया काय सांगणार! एक म्हणाली, "तीर्थाची चव कोन पाहतं, भाऊ? हातावर घेतलं, डोळ्याले लावलं, प्यालो." दुसरीला त्यात तुळस लागली होती. तिसरी म्हणाली, तिचा जुना गुडघा तेव्हापासून दुखत नाही. घरी आल्यावर दाजींनी यावर बराच विचार केला आणि म्हणाले, "गुडघ्याचं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे."

पुढे काही वर्षं दुसरा यात्रेकरू मिळालाच नाही. मोठी माय गेल्या. पत्ते लिहून लिहून दाजींचे डोळे अधू झाले, आणि एक दिवस शेठजींनी शाल-नारळ देऊन त्यांना घरी बसवलं. पेढी सुटली. आता अडवणारं काही उरलं नव्हतं, आणि पाण्याची परीक्षा राहिली असली तरी त्या रविवारपासून त्यांच्या मनात म्हैसूरचं पारडं झुकलेलं होतं. फाल्गुनात एका दुपारी ते वन्संना घेऊन बहादरपुरास आले. निरोप घ्यायला आलो म्हणाले. चैत्रात निघायचं. आमच्या ह्यांनी एकेक अडचण काढली. भाषा? "पत्ते वाचता येतात, बाकी हळूहळू येईल." दूधदुभतं? "गाई सगळीकडे आहेत." म्हातारपणी दुखलं खुपलं? "गुडघ्याचं तर प्रत्यक्ष प्रमाण आहे." दाजींकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार. इतकी वर्षं त्यांनी दुसरं केलं काय होतं?

मी दाराआड होते. वन्सं माझ्याजवळ बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी शेंगांवरून नजर न काढता, अगदी साध्या आवाजात विचारलं, "अहो, अन् आखाजीला मला न्यायला मुराळी कोण येईल? दादाची बैलगाडी काही म्हैसूरपर्यंत यायची नाही."

मी फटीतून पाहिलं. दाजी बोटांवर महिने मोजत होते. भाषेचं, दुधाचं, गुडघ्याचं सगळं त्यांनी पाहून ठेवलं होतं. हे त्यांना सुचलंच नव्हतं. मग ते उठले, वहाणा घातल्या आणि निघून गेले. टोपी आमच्या खुंटीवरच राहिली. वन्संना संध्याकाळी आमच्या ह्यांनी पोचवलं.

चैत्र गेला. ते गेले नाहीत. टोपी न्यायलासुद्धा आले नाहीत. आखाजी जवळ आली तसे आमचे हे बैलगाडी जुंपायला निघाले, तर बुधवाऱ्यातून निरोप आला: मुराळी पाठवू नये, आम्ही येतो. आम्हाला काही उमजेना.

आखाजीच्या सकाळी दारात टांगा थांबला. टांगा, आणि तोही स्टेशनाचा! आधी ट्रंक उतरली, मग वळकटी, मग प्रवासात पाणी न्यायचा फिरकीच्या झाकणाचा तांब्या, मग वन्सं, लाजेनं लाल झालेल्या, आणि शेवटी दाजी. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्यावर नवी टोपी, धोतरावर प्रवासात बसावी तशी धूळ. मागून वन्संनीच सांगितलं तेव्हा सगळं कळलं. पहाटे उठून यांनी सामान बांधलं, बुधवाऱ्यातून टांगा करून त्यांना बुऱ्हाणपूरच्याच लालबाग स्टेशनावर नेलं, फलाटावर बाकावर बसवलं, आणि भुसावळकडून येणारी गाडी येईपर्यंत थांबवलं. गाडी आली, दक्षिणेकडची माणसं उतरली, त्यांच्या घोळक्यात शिरून हे दोघंही बाहेर पडले, आणि टांगा करून थेट बहादरपूर.

अंगणात सगळे थक्क होऊन उभे. आमचे हे म्हणाले, "दाजी, हे काय नवीन?"

"नवीन काय? मुक्काम म्हैसूरला. लेक आखाजीला माहेरी पोचवायला नको? मुराळी लांब यायचा नाही, म्हणून मीच आणली."

कुणीतरी फिसकन हसलं. दाजींचा चेहरा उन्हानं लाल होता, आणि ते कुणाकडेच पाहत नव्हते. तेव्हा मला काय झालं मला ठाऊक नाही. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मी दाराआडून उंबऱ्याच्या अलीकडे आले, पदर सावरला, आणि म्हटलं, "प्रवास कसा झाला?"

त्या माणसाचं तोंड असं उजळलं की काय सांगू. टोपी नीट करून म्हणाले, "गाडीत गर्दी फार, वहिनी. पण भुसावळ सोडलं, पुलावरून तापी दिसली, अन् शीण गेला."

त्यानंतर दर आखाजीला असंच. वर्षभर ते म्हैसुरात राहात, म्हणजे आपल्या ओट्यावर. परसातल्या केळी त्यांनी मोठ्या मनानं वन्संना देऊन टाकल्या. "त्रावणकोर तुझं. मी पाहुणा म्हणून येत जाईन." आणि आखाजीला ट्रंक, वळकटी, फलाट, टांगा. पुढे टांगेवालेच विचारीत, "बाबूजी, म्हैसूर की गाडी टैम पे है?" मी उंबऱ्याशी येऊन विचारायचं, प्रवास कसा झाला, आणि त्यांनी तेच उत्तर द्यायचं. वर्षातून एकदा आमचं बोलणं होई, आणि ते एवढंच. पण त्याची मी वाट पाही. रस पिऊन झाला की ते झोक्याजवळ खाट टाकून, डोक्यावर ओला पंचा घेऊन पडत, आणि सूर्याला म्हणत, "चार दिवसांचा पाहुणा आहे मी इथे. जरा सांभाळून घे."

मागच्या पावसाळ्यात ते गेले. तापीच्या काठीच त्यांना नेलं. या वर्षी आखाजी आली, आमच्या ह्यांनी म्हातारपणीही गाडी जुंपली, पण मग त्यांचं त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, बैल सोडले आणि ओसरीवर बसून राहिले. ऊन चढल्यावर दारात टांगा वाजला. स्टेशनाचाच. वन्सं उतरल्या. हातात ट्रंक नव्हती, वळकटी नव्हती. नुसता त्यांचा तो फिरकीचा तांब्या.

मी उंबऱ्याशी गेले. आता मला भीड उरलेली नाही, तरी पदर सावरला.

"प्रवास कसा झाला?"

"गाडीत गर्दी फार, वहिनी," वन्सं म्हणाल्या.

पुढचं मीच म्हटलं, "पण तापी दिसली ना?"

"दिसली," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या हातातला तांब्या घेतला. तो तापीच्या पाण्यानं भरलेला होता.